बिनहादऱ्याचं घर

जाफराबादला मी खोली पाहायला गेले तेव्हा काकांनी मला भाडं सांगितलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. स्टीलच्या पेल्यात काठोकाठ पाणी भरून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मॅडम, हे घेऊन पुढच्या दारातून मागच्या आंगणापर्यंत जा. सांडू नका देऊ."

मला वाटलं, मागे तुळस असेल, तिला घालायचं असेल. मी निघाले. बैठकीतच पाणी हिंदकळलं, मधल्या खोलीत बोटांवरून ओघळलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात पायाखालची फरशी अशी डुगडुगली की अर्धा पेला माझ्या ओढणीवर. मी ओशाळून मागे पाहिलं. काका मात्र खूश होते.

"सांडलं ना? बराबर. सगळ्यांचंच सांडतं. तुमच्या आधी एक साहेब आल्ते. त्यांनी निघायच्या आधी गुपचूप दोन घोट पिऊन घेतलं अन् मंग चालले. त्यांना म्हणलं, खोली न्हाई."

अशा रीतीने मला खोली मिळाली. बँकेतली माझी ती पहिलीच नेमणूक होती, आणि घरापासून लांब राहायचीही पहिलीच वेळ.

काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. जाफराबादहून भोकरदन, तिथून राजूर, तिथून जालना, या एका रस्त्यावर त्यांचा जन्म गेला. उंच, काटकुळे, खांदे किंचित पुढे आलेले. जणू अजून स्टेअरिंग समोर आहे आणि ते त्याच्यावर कललेत. घरात कोपऱ्यावरून वळताना आधी खाकरायचे. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, "काका, खोकला आहे का?" तर म्हणाले, "न्हाई न्हाई, हॉर्न हाये तो. पलीकडून कोणी येत असंल तर?"

त्यांचा आयुष्यभराचा एकच वैरी होता, तो म्हणजे हादरा. गाडीत बसलेल्या माणसाला हादरा बसणं हा त्यांच्या लेखी ड्रायव्हरचा नुसता दोष नव्हता, तो असभ्यपणा होता. जणू पाहुण्याच्या ताटात खडा वाढला. ते म्हणायचे, "मागच्या शिटावर झोपलेलं माणूस जालना येईपर्यंत जागं न्हाई झालं पायजे. याला म्हणायचं ड्रायव्हरी. बाकी काय, गाडी कोणी बी पुढं नेतं." काकू सांगायच्या की बाळंतीण माहेराहून सासरी न्यायची असली की लोक आधी स्टँडवर येऊन विचारून जायचे, आज गाडीवर कोण आहे. काका असले तर नेत, नसले तर दुसऱ्या दिवशी.

एकदा मी आणि ते जीपने भोकरदनला निघालो होतो. जीपवाल्याने एक मोठा खड्डा जोरात घेतला. मागे बसलेली एक म्हातारी "आई गं" म्हणाली. काकांनी जीप थांबवायला लावली. उतरले, चालत मागे गेले, खड्डा नीट पाहून आले आणि खिडकीशी उभं राहून त्या ड्रायव्हरला समजावू लागले. "खड्डा दिसल्यावर ब्रेक मारला तर दोन हादरे बसतात, एक ब्रेकचा अन् एक खड्ड्याचा. खड्डा दिसायच्या आधी हळू व्हायचं." जीपवाला म्हणाला, "दिसायच्या आधी कसं कळंल काका?" काका म्हणाले, "रोज जातो ना तू इथून? मंग?" आणि जीपभर लोक वाट पाहत असताना ते शांतपणे आपल्या जागेवर येऊन बसले.

अशा माणसाचं स्वतःचं घर म्हणजे खड्ड्यांचं आगर होतं.

घर काळ्या मातीवर बांधलेलं. तिकडच्या काळ्या मातीत कापूस छान येतो, पण घराला ती सुखाने उभं राहू देत नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून खाली बसते. वरची शहाबादी फरशी बिचारी तिच्यासोबत वर-खाली होत राहते. देवघरापुढे बशीसारखा खोलगट भाग झाला होता. न्हाणीकडे जाताना चढ होता. काकांनी त्या जागांना रस्त्यावरची नावं दिली होती. न्हाणीचा चढ म्हणजे राजूरचा चढ. बैठकीतून मधल्या खोलीत शिरताना तिरपी झालेली फरशी म्हणजे भोकरदनचं वळण. मी भाजीची पिशवी घेऊन आले की आतून आवाज यायचा, "मॅडम, वळणावर सांभाळून!"

नोकरीत असताना घराकडे बघायला त्यांना सवड झाली नाही. निवृत्त झाल्यावर दरवर्षी म्हणायचे, यंदा सगळं उकरून बराबर करून घेतो. दरवर्षी काकू म्हणायच्या, "राहू द्या. माझं काय अडून राह्यलंय?"

काकू ठेंगण्या, गोऱ्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांना दिसत नाही हे मला पुष्कळ दिवस कळलंच नव्हतं. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली होती. आता नुसता उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. पण त्या घरभर अशा वावरायच्या, चहा करायच्या, दिवा लावायच्या, मागच्या दोरीवरचे कपडे काढून आणायच्या, की कुणाला शंका येऊ नये. एकदा मी राजूरच्या गणपतीला जाऊन आले आणि काही न बोलता प्रसादाचा पेढा त्यांच्यापुढे धरला. त्यांचा हात पुढे आला नाही. त्या माझ्याकडे बघत हसतच राहिल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

"आता कळलं व्हय तुला?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. म्हंजे इतके दिस मी चांगली चालले."

पावसाळा सरत आला होता त्या सुमारास काकू पडल्या. रविवारची सकाळ होती, मी खोलीतच होते. आधी तांब्या पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. धावत गेले तर मधल्या खोलीत काकू एका कुशीवर पडलेल्या, आणि काका त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसलेले, हात हवेतच धरून. उचलावं की उचलू नये हे त्यांना कळत नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

गाडी ठरवून आम्ही त्यांना जालन्याला नेलं. मी पुढे बसले. मागच्या सीटवर काकू आडव्या, त्यांचं डोकं काकांच्या मांडीवर. काकांना खिडकीतून रस्ता दिसत नव्हता. ते पूर्णवेळ काकूंच्या तोंडाकडेच बघत होते. आणि तरीही ड्रायव्हरला सांगत होते, "आता हळू हो. पूल येऊन राह्यला, पुलाच्या अलीकडं जरा खोल हाये. हां. आता जाऊ दे. आता डाव्या अंगानं घे." तो मुलगा आधी वैतागला, आणि मग सांगतील तशी गाडी चालवू लागला. राजूर मागे पडलं तेव्हा काकूंचा डोळा लागला होता. काका एकदम कुजबुजत बोलू लागले.

ऑपरेशन झालं. हाडात सळई घातली. डॉक्टरांनी सांगितलं, चालता येईल, वॉकर घेऊन आणि मग काठी घेऊन, पण पुन्हा पडू देऊ नका. पुन्हा पडल्या तर अवघड आहे. त्यांची एकुलती एक मुलगी जालन्यातच राहते. तिला सगळे ताईच म्हणायचे. ताईने काकूंना आपल्या घरी नेलं आणि काकांना सांगून टाकलं, "बाबा, आता तुम्ही पण इकडेच या. ते घर आता पुरे."

काका म्हणाले, "मला जरा टाइम दे. घर बराबर करून घेतो. मंग नेतो तिला."

दुसऱ्याच दिवशी मिस्त्री आला. घर बघून म्हणाला, "काका, एवढं उकरायचं काम न्हाई. आता केमिकल आलंय. जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवून देतो, जल्दी काम होतं."

"अन् जुनी फरशी खालच्या मातीला कोण चिकटवणार?"

"थोडं उंच-खोल असंल तिथं माल जास्ती टाकतो ना. वरून एकदम काचेवानी दिसंल."

"दिसंल," काका म्हणाले. "पण मला ज्या माणसासाठी करायचंय तिला दिसत न्हाई. तिला काय फसवतो तू?"

आणि मग सगळं घर उकरलं गेलं. शहाबादी फरश्या निघाल्या, मागच्या आंगणात लिंबाला टेकवून रचल्या गेल्या. खालची काळी माती निघाली, ओली, लोण्यासारखी. फावड्याला चिकटून बसायची. माझी खोली तेवढी शाबूत होती. मी फळीवरून ये-जा करायचे. काका त्या खड्ड्यात उभे राहून मातीकडे असे बघायचे जणू तिच्याशी जुना हिशेब चुकता करायचाय. मिस्त्री म्हणाला, बस झालं, एवढं पुरे. काका म्हणाले, अजून काळं दिसतंय. जिथे खालचा कठीण पिवळा मुरूम लागला तिथेच ते थांबले.

मग बाहेरून मुरूम आला. तो थराथराने पसरायचा, पाणी मारायचं, जड लोखंडी धुम्मस घेऊन ठोकायचा, पुन्हा पाणी, पुन्हा ठोकायचा. मिस्त्रीची माणसं एक थर ठोकून घरी जायची आणि काका एकटेच ठोकत बसायचे. एका दुपारी मी बँकेतून जेवायला आले तर दारात ही गर्दी! काका आत मुरमावर पालथे पडलेले, गाल जमिनीला लावलेला, एक डोळा मिटलेला. शेजारच्या बाईने रडायला सुरुवात केली होती. कुणीतरी रिक्षा आणायला पळालं होतं. मी "काका!" म्हणून ओरडले तर ते पडल्या पडल्याच म्हणाले, "उजेडातून बाजूला व्हा सगळे. उंचवटा पाहून राह्यलो ना मी."

पण खरी गंमत झाली ती वरातीची. आमच्या गल्लीत एक लग्न होतं. संध्याकाळी नवरदेवाची मिरवणूक निघाली, बँड, पुढे नाचणारी पंधरा-वीस पोरं. काका दारात उभे राहून बघत होते. बघता बघता त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ते सरळ गर्दीत शिरले, नवरदेवाच्या बापाला नमस्कार केला आणि हात जोडून म्हणाले, "माझ्या घरात जरा चला. पोरांना आत नाचू द्या. लई उपकार होतील."

नवरदेवाचा बाप गोंधळला. पण काकांना नाही कोण म्हणणार? त्या गल्लीतली अर्धी माणसं जन्मल्यावर त्यांच्याच गाडीतून घरी आलेली. बँड दारात उभा राहिला आणि पोरं आत शिरली. ओल्या मुरमावर असा नाच झाला की छपराची धूळ खाली आली. काका मध्ये उभे राहून हातवारे करत होते, "नाचा रे, जोरात! अरे, मधीच काहून गर्दी करून राह्यले? कोपऱ्यात बी नाचा! तिथं न्हाणीकडं कोणीच न्हाई!" एका जाड्या पोराला त्यांनी हाताला धरून देवघरापुढे नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "तू इथंच नाच. हलू नको."

त्या संध्याकाळी त्यांनी मला काकूंना व्हिडिओ कॉल लावून द्यायला सांगितलं. काकूंना दिसत नाही हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही. काका खाली बसले, फोन जमिनीशी धरला आणि बोटांच्या पेरांनी मुरूम ठोकला.

"ऐकू येतंय का? पोकळ वाजतं का कुठं?"

पलीकडून काकूंचा हळू आवाज आला, "न्हाई. भरीव वाजतंय."

काका फोन घेऊन घरभर गेले. प्रत्येक कोपऱ्यात ठोकलं, प्रत्येक कोपऱ्यात विचारलं. आणि त्या तिकडून सांगत राहिल्या, "भरीव हाये. हे बी भरीव हाये."

मुरमावर काँक्रीट झालं. पाण्याची नळी लावून चारी भिंतींवर पातळीच्या खुणा झाल्या. मिस्त्री लांब पट्टी फिरवून दाखवायचा, काका पुन्हा स्वतः फिरवून बघायचे. मग फिकट बदामी रंगाच्या टाइल बसल्या. काम झाल्यावर मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, आजपर्यंत इतक्या घरांत काम केलं, पण असं सपाट घर न्हाई पाह्यलं. पण याच्यापुढं काका बोलावतील तर सांगा, मी गावाला गेलोय."

काकूंना ताईने गाडीतून आणलं. काकांनी सकाळपासून फरशी पुसली होती. शेवटी शेवटी तर ते आम्हालाही चालू देत नव्हते. काकू वॉकर धरून दारात उभ्या राहिल्या. काका त्यांच्या समोर तोंड करून, दोन्ही हात पसरून, उलटे चालू लागले, लहान मुलाला चालायला शिकवतात तसे. "ये. ये बिनधास्त. कुठंच काही न्हाई."

काकू आल्या. वॉकर सरळ सरकत होता, कुठे अडत नव्हता, कुठे वाजत नव्हता. बैठक झाली, मधली खोली आली. आणि तिथे त्या थांबल्या. उजवा पाय पुढे सरकवला, मागे घेतला. डावीकडे सरकवला, मागे घेतला.

"अवं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी कुठं हाये?"

ताई हसली. "आई, तुझ्या घरात आहेस!"

"ते कळलं. पण घरात कुठं? तोंड कुणीकडं हाये माझं?"

मग कुणीच हसलं नाही. काका म्हणाले, "मधल्या खोलीत हायेस. स्वैपाकघर उजव्या हाताला." काकूंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "झकास झालंय हो. लई झकास केलंय." पण त्या पुढे गेल्या नाहीत.

त्यानंतरच्या दिवसांत काकू पलंगावरच बसून असायच्या. कुठे जायचं झालं की काका पुढे आणि त्या मागे. "सरळ. आता डावीकडं. आता दार." ज्या घरात त्यांनी एकटीने संसार केला त्या घरात त्यांना न्हाणीपर्यंत जायलाही माणूस लागायला लागला. ताईचा रोज फोन यायचा, आता तरी या म्हणून.

एक दिवस मी बँकेतून जरा लवकर आले. मधल्या खोलीत काकू वॉकर बाजूला ठेवून भिंतीतल्या कपाटापुढे उभ्या होत्या. एक हात कपाटाच्या दारावर. त्यांना वाटलं होतं ते स्वयंपाकघराचं दार आहे. ते उघडेना, तेव्हा आपण भलतीकडेच आलो हे त्यांना कळलं, पण कुणीकडे वळावं हे कळेना. आणि हाकही मारायची नव्हती. म्हणून त्या नुसत्या उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मी हात धरला तर तो गार पडला होता.

"ह्यांना नको सांगू पोरी," त्या म्हणाल्या. "लई हौसेनं केलंय त्यांनी."

मी वळून पाहिलं. मागच्या दारात काका उभे होते, हातात खराटा. त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि ऐकलंही होतं. खराटा हळूच भिंतीला टेकवला आणि आंगणात निघून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा काका पलंगाशी खाली बसले होते.

"ताईच्या आई, खरं सांग. पहिलं कसं कळायचं तुला?"

काकू म्हणाल्या, "पायाला कळायचं. देवापुढं खोल लागायचं. स्वैपाकघराच्या दारात फरशी डुगडुग करायची. न्हाणीकडं चढ लागला की कळायचं आता पाणी हाये, सांभाळायचं. डोळे गेले तवा मी हळूहळू सगळं पाठ केल्तं. तुम्ही दरसाली म्हणायचे बराबर करतो, मला धसकाच बसायचा."

"बोलली काहून न्हाईस?"

"तुम्हाला त्या खड्ड्यांचा एवढा राग. कसं सांगू, मला तेच लागतात म्हणून?"

काकांनी एकदम मान वर केली. "मंग पडली कशी तू? पाठ होतं ना?"

"ती फरशी नवीन वर आल्ती. आदल्या दिवशी न्हवती."

आणि काका हसायला लागले. डोळ्यांत पाणी, आणि हसताहेत. "अगं, मला बी तर असंच कळायचं! खिडकीतून कोण पाहतो? बुडाखाली कळायचं ना, राजूर आलं, आता पूल आला. जलम गेला त्याच्यात माझा. अन् घरातल्या माणसाचं मला कळलं न्हाई." काकूही हसू लागल्या. पडल्यापासून त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्याच दिवशी काकांनी आपला रुमाल डोळ्यांवर घट्ट बांधला, चपला काढल्या आणि काकूंना म्हणाले, "आता तू सांग, कुठं काय पायजे." काकू वॉकर घेऊन पुढे, आणि काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे. मी हातात खडू घेऊन. चालायच्या, थांबायच्या, "इथं कायतरी लागायला पायजे. न्हाई, जरा अलीकडं. हां, इथं." मी खूण करायचे. काका पायाच्या बोटांनी जमीन चाचपत होते. दोनदा भिंतीवर आदळले. तिसऱ्यांदा म्हणाले, "कठीण हाये गं हे," आणि काकूंचा खांदा घट्ट धरला.

मिस्त्री गावाला गेला नव्हता. काकांनी त्याला घरी जाऊन आणलं.

"काका, आता काय राह्यलं?"

"तोडायचंय."

मिस्त्री पायरीवर खालीच बसला.

आंगणातल्या रचून ठेवलेल्या जुन्या फरश्यांतून काकांनी एकेक निवडली. स्वयंपाकघराच्या दारासाठी खरबरीत. देवघरासाठी वर्षानुवर्षं पाय पडून गुळगुळीत झालेली, थंड. न्हाणीसाठी छन्नीने टाचे मारून, खाचा पाडून घेतलेली. नव्या बदामी टाइल कापून काढल्या आणि त्यांच्या जागी या काळ्या फरश्या बसवल्या, पण अगदी बरोबरीने; वर नाही, खाली नाही. काका तळहात फिरवून बघायचे, मग गाल लावून बघायचे. "हादरा नको," मिस्त्रीला सांगायचे. "नुसती खबर पायजे."

मिस्त्री रडकुंडीला आला. "काका, लोक म्हणतील मिस्त्रीनं नव्या फरशीला ठिगळं लावली."

"लोकांना म्हणावं, चप्पल काढून या."

सिमेंट वाळेपर्यंत काकांनी कुणाला तिथे पाय ठेवू दिला नाही. मग एका सकाळी काकू पलंगावरून उठल्या. काका हात धरायला पुढे झाले, तर त्यांनी मान हलवली. काका मागे सरून भिंतीला टेकून उभे राहिले. काकू निघाल्या. मधल्या खोलीत पाय एका जागी थबकला, बोटं हलली, आणि त्या स्वतःहून उजवीकडे वळल्या. स्वयंपाकघरात गेल्या. आतून डब्यांचा आवाज आला, मग काडी ओढल्याचा, मग तेल तापल्याचा वास आणि मोहरी तडतडल्याचा आवाज.

काका तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. मला म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही बी इथंच जेवा."

पुढे माझी बदली वाटूरला झाली. काका अधूनमधून फोन करायचे. रस्ता कसा आहे, जीपवाले नीट चालवतात का, एवढीच चौकशी. मागच्या हिवाळ्यात ताईचा फोन आला, काका गेले म्हणून. फार आजारी नव्हते, महिनाभर अशक्तपणा होता, एवढंच.

मी भेटायला गेले. ताई सामान आवरत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू तरी आईला समजाव. इथं एकटी कशी राहणार? माझ्याकडे चल म्हणते, तर ऐकतच नाही."

काकूंनी ते ऐकलं होतं. "तिकडं मला दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात हट्ट नव्हता, तक्रारही नव्हती. ताईने हातातली कपड्यांची घडी तशीच ठेवली आणि आत गेली.

काकू मला जवळ बसवून काकांबद्दल बोलू लागल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग काकूच त्यांचा हात धरून न्हाणीपर्यंत न्यायच्या आणि परत आणायच्या.

"पहिल्या दिशी लई घाबरले. म्हणाले, दोघं बी पडू. म्हणलं, चला तर खरं. मंग सवय झाली त्यांना. मंग म्हणायचे, मी डोळे मिटून घेऊ का? उघडे ठिवले की गरगरतं. म्हणलं, घ्या मिटून, मी हाये ना." काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. "मिटून घ्यायचे. मंग जायचो आम्ही दोघं तसेच, सावकाश."